जुन्या पिकअपचे पुढचे पाटे आणि बुश बदलताना

स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘खट्’ असा आवाज, ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, रिकामी गाडीही एका अंगाला कललेली. पुढे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग) असलेल्या जुन्या पिकअपचं हे ठरलेलं दुखणं. गॅरेजमध्ये लगेच ‘पाटे गेले’ असं सांगून मोकळे होतात. पुष्कळदा पाटे धडधाकट असतात; गेलेले असतात ते बुश (पाट्याच्या टोकात बसणारे रबरी किंवा पितळी नळकांडे) आणि शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला झुलतं जोडणाऱ्या पट्ट्या) यांच्या पिना. म्हणून सामान आणायच्या आधी अर्धा तास तपासणीला द्या.

गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलपासून चेसीपर्यंतची उंची टेपने मोजा. बोटभर फरक असला तर जी बाजू खाली आहे तिचा पाटा बसलाय (कमान सपाट झालीय) किंवा तुटलाय. तुटलेला पाटा शोधायचा तर सेंटर बोल्टच्या (सगळ्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) आसपास बघा, कारण भेग बहुधा तिथेच पडते आणि तिच्या कडेने तांबूस गंजाची रेघ उमटते. मग कुणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि शॅकलकडे नजर ठेवा. चाक वळायच्या आधीच पाटा शॅकलमध्ये सरकत असेल तर बुश संपलेत.

एक तपासणी हमखास राहून जाते. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) झिजलीय. किंगपिन गेलेली असताना नुसते पाटे बदलले तर चाकाची डुगडुग तशीच राहते आणि पैसे वाया जातात.

सामान दोन्ही बाजूंचं एकदमच घ्या. दोन तुकड्यांचे रबरी बुश असतील तर दर बाजूला तीन जागा असतात: फिक्स टोक (पाट्याचं चेसीला थेट जोडलेलं टोक), पाट्याचं शॅकलकडचं टोक आणि चेसीतली शॅकलची जागा. जागेला दोन म्हणजे एका बाजूला 6, एकूण 12 बुश. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) 4, त्यांचे नट 8, सेंटर बोल्ट 2, पिना आणि शॅकल पट्ट्यांचा पूर्ण संच, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) 2. यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट परत तेवढी पकड देत नाही, आणि गंजलेल्या आट्यांवर नट आवळला गेल्याचा नुसता भास होतो.

आदल्या रात्री सगळ्या नटांना आणि पिनांना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल करा. मग गाडी उचलून चेसीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. जॅक मात्र अ‍ॅक्सलखालीच राहू द्या. तो इतकाच वर ठेवायचा की पाटा लोंबणार नाही आणि दबणारही नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. काम एका वेळी एकाच बाजूचं करा. दुसरी बाजू बांधलेली असली की अ‍ॅक्सल जागचा फारसा हलत नाही.

शॉकअपचं खालचं टोक सोडा, मग यू-बोल्टचे नट. जाम झाले असतील तर कापून काढा, पण गॅस लावायच्या आधी ब्रेकचा होज बाजूला बांधून घ्या. यू-बोल्ट निघाले की पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे पाचरीसारखी तिरकी पट्टी दिसते का बघा. काही गाड्यांना ती असते, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. तिची जाड कड पुढे होती की मागे, हे काढायच्या आधी खडूने लिहून ठेवा. उलटी बसली की चाकाचा कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बिघडतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही किंवा वेगात थरथरतं, आणि दोष नव्या पाट्यांवर जातो.

पाट्याचा सेट सुटा करायचा असेल तर सेंटर बोल्ट सोडायच्या आधी तो मजबूत क्लॅम्पमध्ये आवळा. तसाच सोडला तर पाटे ताडकन उसळतात. नवा सेट जुन्याशेजारी ठेवून सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकांचं अंतर मोजा. कित्येक सेटमध्ये बोल्ट बरोबर मधोमध नसतो. सेट उलटा चढला तर अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो.

जुना पाटा ठोकून कमान वाढवून देणारे कारागीर गावोगावी आहेत. तात्पुरतं काम भागतं, पण बसलेलं पोलाद पुन्हा बसतं. पुढे एक जादा पाटा घालणं त्याहून वाईट: गाडी कडक होते आणि धक्का थेट चेसीवर जातो.

रबरी बुशांना ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगून सडतं. साबणाचं पाणी पुरतं. ग्रीस निपल असलेल्या पितळी बुशांची गोष्ट वेगळी, त्यांना ग्रीस हवंच. आधी फिक्स टोक बसवा, मग शॅकल, पण दोन्हीकडचे नट फक्त हाताने लावून ठेवा. जॅकने अ‍ॅक्सल वर घेताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसलं की नाही हे बोटाने चाचपा. नंतर यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळा. चारही टोकांना नटाबाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. शेवटचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतला घ्या.

नवे तेलाचे शॉकअप उभे धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आतली हवा निघते.

दोन्ही बाजू झाल्या की चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, बोनेटपाशी दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच शॅकल व टोकांचे नट पूर्ण आवळा. हवेत असताना आवळले तर रबर त्याच अवस्थेत धरलं जातं. गाडी खाली येताच ते पिळलं जातं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. ‘नवे बुश टिकतच नाहीत’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

आता पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, चाकं सरळ ठेवून. ठळक फरक आला तर सेंटर बोल्ट भोकात बसलेला नाही, पुन्हा सोडा. नव्या पाट्यांनी गाडी वर आली की ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसू शकतं. ते लिंकवर जुळवा आणि टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) तपासून घ्या. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, तेही गाडी जमिनीवर उभी असताना. रंग आणि गंज दबून बसल्याने ते थोडे सैल होतातच. नटावर आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठला नट फिरला ते लगेच कळतं.