वर्क-स्टडीचे पैसे: हिशेबातल्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेजचं फायनान्शियल एडचं, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र आलं की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो: फीमधून ग्रँट (परत न करायची मदत), कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून पैसे कमावण्याची सरकारी योजना) वजा. इथेच घोटाळा होतो. वर्क-स्टडीसमोर ३,००० डॉलर लिहिलेले असले तरी त्यातला एक सेंटही आगाऊ मिळत नाही. ती वर्षभरात कमावता येईल अशी मर्यादा आहे. काम स्वतः शोधायचं, तास भरायचे आणि तासांप्रमाणे पगार घ्यायचा. तो जमा होतो विद्यार्थ्याच्या बँक खात्यात, फीच्या खात्यात नाही.

पुढचं चित्र दरवर्षी तेच. ऑगस्टमध्ये सत्राचं बिल येतं. ‘१,५०० वर्क-स्टडीतून वळते होतील’ म्हणून तेवढे भरायचे राहतात. काम मिळतं सप्टेंबरच्या मध्यावर आणि पहिला पगार येतो दीड-दोनशे डॉलरचा. तोवर उशिराचा दंड लागलेला असतो, कॉलेजच्या खात्यावर होल्ड, म्हणजे रोख बसलेली असते. पुढच्या सत्राचे विषय नोंदवायला गेल्यावर कळतं की नोंदणीच अडकली आहे. म्हणून फीचा हिशेब करताना वर्क-स्टडीची ओळ सरळ खोडा. ते पैसे पुस्तकं, बसभाडं, किराणा यांसाठी धरा. लेखी संमती देऊन पगार फीकडे वळवता येतो, पण तोही कमावल्यानंतरच.

दुसरी चूक घाईची. तासाला १५ डॉलर धरले तर ३,००० म्हणजे २०० तास. दोन्ही सत्रांचे मिळून ३० आठवडे, म्हणजे आठवड्याला साडेसहा तासांच्या आसपास. उत्साहाने आठवड्याला १५ तास केले तर चौदाव्या आठवड्याच्या आत मर्यादा संपते. या पगाराचा मोठा वाटा सहसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या निधीतून येतो. तो थांबला की पूर्ण खर्च विभागावर पडतो आणि बरेच विभाग काम थांबवतात. उलट आळस केला तर न कमावलेली रक्कम हातची जाते. पहिल्याच आठवड्यात भागाकार करून तास ठरवा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी वर्क-स्टडीच्या जागांमागे धावू नये, ही केंद्रीय मदत त्यांना मिळत नाही. त्यांनी कॅम्पसवरच्या साध्या नोकऱ्या पाहाव्यात, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांतली एच-४ वरची (एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावरच्या पालकांवर अवलंबून असलेली) मुलं तिथेच शाळा शिकलेली असतात, तरी त्यांना ना केंद्रीय मदत मिळते ना काम करण्याची परवानगी. हे बारावीच्या आधीच समजून घ्या.

कामावर रुजू होताना ओळख आणि कामाची परवानगी दाखवायच्या आय-९ फॉर्मसाठी मूळ कागदपत्रं लागतात. पासपोर्टचा फोनमधला फोटो चालत नाही.

तास त्याच दिवशी नोंदवा. मुदत चुकली की पगार पुढच्या फेरीत जातो. वर्गाच्या वेळेतले तास तर लावूच नका.

फाफ्सा, म्हणजे केंद्रीय मदतीचा अर्ज, दरवर्षी नव्याने भरावा लागतो, आणि लवकर भरलेला बरा. कॉलेजकडचा निधी मर्यादित असतो.

या पगारावर आयकर लागू होतो. कॉलेजमध्येच काम करणाऱ्या आणि किमान अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याची फायकाची (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या कराची) ७.६५ टक्के कपात सहसा होत नाही, पण उन्हाळ्यात प्रवेश न घेता काम केलं तर होते. पगाराची स्लिप हाती आल्यावर ती ओळ तपासा.