‘नाइस’चा माग कसा काढायचा

‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकात आपण धाडलेलं पत्र रोमिओपर्यंत पोचलंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स हा ख्रिस्ती साधू म्हणतो, ‘द लेटर वॉज नॉट नाइस, बट फुल ऑफ चार्ज, ऑफ डिअर इम्पोर्ट.’ याचं मराठी ‘पत्र काही छान नव्हतं’ असं केलं, तर ओळीचा पार विचका होतो. तो म्हणतोय, पत्र किरकोळ नव्हतं, वजनदार होतं, गंभीर मजकुराचं होतं. इथे ‘नाइस’ म्हणजे क्षुल्लक. शेजारचा ‘डिअर’ही आजचा ‘प्रिय’ नाही आणि ‘चार्ज’चा तर पैशांशी काही संबंधच नाही.

काळाबरोबर अर्थ बदललेला असा शब्द कोशात उघडला की आठ-दहा अर्थ समोर येतात आणि आपण आपल्याला सोयीचा उचलतो. चूक तिथेच होते. आधी वाक्यं गोळा करायची, अर्थ त्यांतून काढायचा आणि कोश शेवटी ताळा करायला घ्यायचा. पुढची रीत ‘नाइस’वर दाखवली आहे, पण बहुतेक इंग्रजी विशेषणांना ती चालते.

चिठ्ठ्या

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. हे सगळं काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर उभं होतं. जगभरचे वाचक साधारण ६ बाय ४ इंचांच्या चिठ्ठीवर एक शब्द आणि एक वाक्य उतरवून पाठवत. आज एक्सेलची शीट चालेल, पण नियम तोच ठेवा: एका ओळीत एकच वाक्य. रकाने सहा. साल, लेखक, ग्रंथ आणि पान, मूळ स्पेलिंगसह पूर्ण वाक्य, विशेषण कोणत्या नामाला लागलं आहे ते नाम, आणि शेवटी अर्थ. हा शेवटचा रकाना सगळी वाक्यं जमेपर्यंत रिकामा ठेवा. पहिल्या वाक्यालाच अर्थ भरलात, तर पुढची वीस वाक्यं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल.

१३०० ते १८५० या काळाचे पन्नास-पन्नास वर्षांचे अकरा तुकडे पडतात. दर तुकड्याला २० वाक्यं धरली, तर २२० होतात. एका लेखकाची एका तुकड्यात दोनपेक्षा जास्त घेऊ नका. नाहीतर शेक्सपिअर एकटाच सगळा तक्ता व्यापून टाकतो आणि एका माणसाची लकब म्हणजे अख्ख्या काळाचा अर्थ, असा भास होतो.

वाक्यं कुठे मिळतील? १५०० पूर्वीच्या इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी इंटरनेटवर फुकट आहे आणि तिच्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे आहेत. १४७३ ते १७०० या काळातल्या छापील पुस्तकांसाठी अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन हा संग्रह आहे. त्यातल्या हजारो पुस्तकांचा हाताने टाइप केलेला मजकूर सर्वांना खुला आहे. हाताने टाइप केलेला, हे महत्त्वाचं. का ते पुढे येईल. अठराव्या शतकासाठी सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश हाताशी हवाच. तो अर्थ देऊन थांबत नाही, खाली लेखकांची वाक्यंही देतो. गूगलचा एनग्रॅम मात्र या कामाला फारसा उपयोगी नाही. शब्द किती वेळा आला ते तो सांगतो, कोणत्या अर्थाने आला ते नाही.

शोधताना ‘नाइस’चं आजचं एकच स्पेलिंग टाकून भागत नाही. मध्ययुगीन लेखनात ‘आय’च्या जागी ‘वाय’ सर्रास येतो आणि ‘सी’च्या जागी कधी ‘एस’. ही सगळी रूपं वेगवेगळी शोधा. मोठ्या अक्षराने सुरू होणारं रूप आधी बाजूला काढा, कारण फ्रान्समधलं नीस हे शहर इंग्रजीत हुबेहूब तसंच लिहिलं जातं. त्या नावाचं मूळ ग्रीक ‘नीके’ म्हणजे विजय. आपल्या विशेषणाशी त्याचं काहीच नातं नाही.

सात खुंट्या

चिठ्ठ्या जमल्या की अर्थाच्या रकान्यासाठी इंग्रजी प्रतिशब्द वापरू नका. ‘डेलिकेट’, ‘फाइन’, ‘प्रिसाइज’ हे शब्द स्वतःच सरकलेले आहेत. सरकत्या पट्टीने माप घेण्यात काय अर्थ? इथे मराठी आपल्या मदतीला येते. खुळा, नखरेल, चोखंदळ, नाजूक, काटेकोर, क्षुल्लक, छान या सात खुंट्या ठोका आणि प्रत्येक वाक्य ज्या खुंटीवर बसेल तिथे टांगा.

पहिली खुंटी ‘खुळा’ का? लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे आपला ‘न’, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ‘नेस्किउस’ म्हणजे न जाणणारा, अजाण. जुन्या फ्रेंचमधून तो ‘खुळा’ या अर्थाने तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. ‘सायन्स’ त्याच ‘स्कीरे’चं पोर, म्हणजे ‘नाइस’ आणि ‘सायन्स’ एकाच घरातले.

चॉसरने १३८० च्या दशकात ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ लिहिलं. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो म्हणतो, की बोलण्याची तऱ्हा हजार वर्षांत बदलते. ज्या शब्दांना तेव्हा मोल होतं, ते आता आपल्याला अगदी ‘नाइस’ आणि विचित्र वाटतात, तरी लोक तसंच बोलत. इथे ‘छान’ खुंटीवर टांगून पाहा. ओळ कोसळते. ‘खुळे’ टांगा, चपखल बसते. शब्द कसे बदलतात ते सांगणाऱ्या ओळीतच हा शब्द बदललेला निघावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

वाक्याला विचारायचे प्रश्न

दर वाक्याच्या मागच्या तीन आणि पुढच्या तीन ओळी वाचा आणि वाक्याला तीन गोष्टी विचारा.

एक, विरुद्ध बाजूला काय ठेवलंय? लॉरेन्सच्या ओळीत ‘बट’नंतर वजनदार, गंभीर असं येतं, म्हणून ‘नाइस’ हलकं, क्षुल्लक. ‘बट’, ‘नॉट’, ‘रादर दॅन’ दिसले की थांबा. तिथे अर्थ आपण होऊन हातात पडतो. त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात बेनव्होलिओ भांडण किती ‘नाइस’ होतं म्हणतो, तेही क्षुल्लकच. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये अशा वेळी प्रत्येक ‘नाइस’ गुन्ह्यावर टीका करणं बरं नव्हे, असं वाक्य आहे. ‘छान गुन्हा’ कोण म्हणेल?

दोन, नाम कोणतं? माणसाला लागलं तर बहुधा खुळा, नखरेल किंवा चोखंदळ. फरक, मुद्दा, तोलमाप यांना लागलं तर काटेकोर. हा काटेकोरपणाचा अर्थ अजून जिवंत आहे. आपल्याकडच्या इंग्रजी न्यायनिवाड्यांतही ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ असा प्रयोग भेटतो. भाषांतर करताना त्याचा ‘कायद्याचा छान प्रश्न’ करू नका. ‘बारीक मुद्दा’ म्हणा, किंवा जिथे एका केसाने निकाल इकडचा तिकडे होईल असा मुद्दा.

तीन, बोलतंय कोण, आणि सरळ बोलतंय का? ‘अ नाइस मेस’ ही तारीफ नाही. आपणही सांडलेलं दूध बघून ‘छान केलंस!’ म्हणतोच. अशी उपरोधाची वाक्यं वेगळ्या ढिगात टाका. ‘नाइस अँड वॉर्म’ हेही वेगळं. तिथे ‘नाइस’ नुसता जोर देतो, म्हणजे मस्त ऊबदार.

दुहेरी वाक्यं

अर्थ एका रात्रीत बदलत नाही. मध्ये असा काळ येतो जेव्हा एकच वाक्य दोन खुंट्यांवर सारखंच बसतं. एखादा पदार्थ ‘नाइस’ म्हटला, तर तो निगुतीने, नाजूकपणे केलेला की चवीला छान? दोन्ही. ऐकणारा दुसरा अर्थ घेऊन घरी जातो आणि उद्या तो शब्द हवापाण्याला लावतो, जिथे नाजूकपणाचा प्रश्नच नसतो. अशा दुहेरी चिठ्ठ्यांवर लाल खूण करा. बदल कुठे घडला ते याच चिठ्ठ्या सांगतात. नवशिके नेमक्या याच चिठ्ठ्या ‘अर्थ कळत नाही’ म्हणून फेकतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतली बरीच वाक्यं अशी आहेत, की लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं ते ऑक्सफर्डच्या कोशालाही ठरवता आलं नाही. तिथे ओढूनताणून एक अर्थ लावू नका, दोन लिहा.

‘छान’ या अर्थाला बरेच व्युत्पत्तिकोश १७६९ साल देतात. ते जन्मसाल समजू नका. सापडलेल्या जुन्यात जुन्या कागदाची ती तारीख आहे, आणि जुनी पत्रं-रोजनिशा स्कॅन होतात तशा अशा तारखा मागे सरकतात. बोलण्यातला अर्थ कागदावर यायला वेळ लागतो तो निराळाच. म्हणून ‘अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

जुना आणि नवा अर्थ एकाच पानावर झुंजताना पाहायचे असतील, तर जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ उघडा. मुखपृष्ठावर १८१८ आहे, प्रकाशन १८१७ च्या डिसेंबरातलं, आणि लिखाण त्याच्याही बरंच आधीचं. चिठ्ठीवर लेखनाचं आणि छपाईचं अशी दोन्ही सालं का लिहायची, ते इथे कळतं. कॅथरीन एका कादंबरीला जगातलं सगळ्यात ‘नाइस’ पुस्तक म्हणते. हेन्री टिल्नी टोमणा मारतो, की म्हणजे सगळ्यात नीटनेटकं ना, ते तर बांधणीवर अवलंबून. मग तो ऐकवतो, की पूर्वी लोक पोशाखात, भावनांत, निवडीत ‘नाइस’ असत. आता प्रत्येक गोष्टीच्या कौतुकाला हा एकच शब्द. त्याची बहीण त्याला तिथेच गप्प करते: ‘यू आर मोर नाइस दॅन वाइज.’ शहाणा कमी, चोखंदळ जास्त. तिने जुनाच अर्थ काढून भावाच्या तोंडावर फेकला. या प्रसंगाच्या किमान तीन चिठ्ठ्या करा, कारण तिघांचे अर्थ वेगळे आहेत. हेन्रीचं मत पुरावा म्हणून घेऊ नका. ज्याला तो अस्सल अर्थ समजतो तो मधला आहे. त्याच्या आधी ‘खुळा’ होताच. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, ही समजूत अशी शहाण्यालाही नडते.

उलटा ताळा

रीत पक्की झाली का, हे पाहायला ‘सिली’ घ्या. तो नेमका उलट दिशेने गेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धन्य, भाग्यवान. जर्मन ‘झेलिग’ आजही धन्यच आहे. पुढे निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, शेवटी मूर्ख. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिसऱ्या भागात मेंढपाळ आपल्या ‘सिली’ मेंढ्यांकडे बघतात. मेंढ्या मूर्ख नाहीत, गरीब बिचाऱ्या आहेत. मराठी वाचकाला हा उतार समजायला जड नाही: भोळा शंकर, भोळा माणूस आणि भोळसट यांच्यात तोच आहे.

‘सिली’साठी खुंट्या नव्या ठोका. स्कॅन करून यंत्राने वाचलेल्या मजकुरात मात्र सांभाळा. साधारण १८०० पर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब असे, थेट ‘एफ’सारखा दिसणारा. यंत्र त्या ‘सिली’ला ‘फिली’ वाचतं, आणि ‘फिली’ म्हणजे शिंगरी, घोड्याची लहान मादी. म्हणून ‘फिली’ही शोधा, प्रत्येक सापडलेल्या पानाचं चित्र डोळ्यांनी बघा, आणि खरोखरच्या शिंगऱ्या वगळा.