पहिलटकरणीला अंगावर पाजण्याचा विश्वास कसा द्यावा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात पहिलटकरणीच्या तोंडून वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘मला दूध पुरत नाही बहुतेक’. बहुतेक वेळा दूध पुरेसे असते. ते पुरते आहे हे कशावरून ओळखायचे, याचा अनुभव मात्र तिला नसतो. बाटलीतले दूध किती संपले ते डोळ्यांना दिसते, छातीतले दिसत नाही, आणि नेमक्या त्या न दिसणाऱ्या जागेत शंका घर करते. म्हणून सोबत करणाऱ्या माणसाने, मग तो नवरा असो, आई, बहीण, मैत्रीण किंवा परिचारिका, धीराचे शब्द देण्याआधी तिला खुणा वाचायला शिकवावे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये असे मांडले की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः केलेल्या कामाचे यश, आपल्यासारख्या इतरांना ते करताना पाहणे, इतरांचे शब्द आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. कॅनडातील परिचर्या-संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी पुढे हीच कल्पना स्तनपानाला लावली आणि आईचा विश्वास मोजणारी प्रश्नावलीही तयार केली. या चारांपैकी पहिली वाट सर्वांत पक्की आहे, आणि मदत करणाऱ्यांकडून नेमकी तीच अडवली जाते. बाळ रडू लागले की अनुभवी हात पुढे येतात, बाळाचे डोके धरून छातीला लावतात आणि ‘लागले बघ’ म्हणतात. बाळ लागते खरे, पण ते आईने लावलेले नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता ते हात जवळ नसले की ती पुन्हा शून्यावर येते.

म्हणून पहिला नियम असा की आपले हात मागे ठेवावेत. पकड दाखवायचीच असेल तर बाहुलीवर दाखवावी आणि कृती आईच्या हातून होऊ द्यावी. तिने आरामात, पाठीला टेका घेऊन बसावे. बाळाचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावेत व पोट तिच्या पोटाला चिकटलेले असावे, म्हणजे त्याला मान वळवून प्यावे लागत नाही. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणून थांबावे. स्तनाग्राचा स्पर्श वरच्या ओठाला झाला की ते तोंड उघडते. जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ होईपर्यंत वाट पाहून मग बाळाला छातीकडे आणावे, छाती बाळाकडे नेऊ नये. ही वाट पाहणे फार तर काही क्षणांचे असते, पण घाईत नेमके तेच चुकते.

पकड बरोबर बसल्याच्या चार खुणा आहेत: तोंड पूर्ण उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग तोंडाच्या खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा. सुरुवातीचे काही क्षण ओढ जाणवू शकते; मात्र पूर्ण वेळ दुखत राहिले किंवा सुटल्यावर स्तनाग्र चेपलेले दिसले, तर पकड उथळ आहे. अशा वेळी बाळाला ओढून काढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून चोखण सोडवावी आणि पुन्हा सुरुवात करावी. ‘दुखणारच, सवय होईल’ असे सांगणे म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गोष्ट तिच्या सहनशक्तीवर ढकलणे होय.

हाताने दूध काढण्याचे कौशल्यही पहिल्या एक-दोन दिवसांतच तिला शिकवावे. अंगठा आणि बोटे स्तनाग्रापासून थोडी मागे, समोरासमोर ठेवावीत, आधी छातीच्या दिशेने हलके दाबावे, मग एकमेकांकडे आणावीत आणि सोडावीत. पिवळसर, घट्ट चिकाचे थेंब दिसले की ‘दूध आहे’ हे तिला कोणी सांगावे लागत नाही. चीक थोडाच असतो आणि सुरुवातीला तेवढाच पुरतो. दूध भरपूर उतरायला साधारणपणे दुसरा ते चौथा दिवस उजाडतो, सिझेरियननंतर कधी कधी त्याहून थोडा उशीर होतो. हे आधीच सांगितलेले असले तर दुसऱ्या रात्रीची धास्ती बरीच कमी होते.

बाळाला पुरते आहे की नाही, याचा हिशेब लंगोटावर मांडता येतो. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी शू वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा व्हावी. काळी, चिकट शी हिरवट होत चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. पिताना गिळल्याचा आवाज ऐकू यावा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, सात टक्क्यांपर्यंतची घट सहसा अपेक्षितच असते, आणि दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्मवेळेइतके भरून येते. या नोंदी वहीत आईनेच कराव्यात.

ज्या गोष्टींवरून दूध कमी असल्याचा निष्कर्ष काढला जातो, त्यांतल्या बऱ्याच फसव्या आहेत. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हे नवजात बाळाचे नेहमीचे वागणे आहे. संध्याकाळी ते तास-दीड तास सारखे मागत राहिले, तरी त्याचा अर्थ छाती रिकामी आहे असा नाही. काही आठवड्यांनी छाती मऊ लागू लागते, कारण दूध मागणीप्रमाणे तयार होऊ लागलेले असते. पंपाने किती निघाले, हेही माप नव्हे. चांगली पकड असलेले बाळ बहुधा पंपापेक्षा जास्त ओढते. मागणी आणि पुरवठ्याचे हे नाते समजून सांगणे अगत्याचे आहे: स्तन जितके रिकामे होतात तितके दूध बनते, आणि केवळ शंकेपोटी वरचे दूध दिले की बाळ कमी ओढते, मग दूध खरोखरच घटते व शंका खरी ठरल्यासारखी वाटते.

शब्द जपून वापरावेत. ‘पुन्हा भुकेला का?’, ‘पोट भरले नसेल’ अशी वाक्ये प्रेमापोटी बोलली जातात, पण ऐकणारीला ती निकालासारखी लागतात. ‘छान करतेस’ ही मोघम स्तुतीही फारशी टिकत नाही. त्यापेक्षा ‘आज तू तोंड मोठे उघडेपर्यंत थांबलीस आणि ते पहिल्याच वेळी लागले’ असे जे दिसले तेच सांगावे. नुकत्याच या टप्प्यातून गेलेल्या, अडचणीही मोकळेपणाने सांगणाऱ्या एखाद्या आईशी गाठ घालून द्यावी; सगळे सहज जमलेल्या बाईपेक्षा धडपडून जमवलेली बाई इथे अधिक कामाची.

पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) लागते, आणि तीव्र वेदना, धास्ती किंवा अवघडलेपण त्याला काही काळ रोखू शकते. त्यामुळे खोलीतली गर्दी हटवणे, बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून निजवणे, पाण्याचा पेला हाताशी ठेवणे आणि पाजणे सोडून बाकीची कामे इतरांनी उचलणे, हा स्तनपानाच्या मदतीचाच भाग आहे.

धीर देण्याच्या नादात धोक्याच्या खुणा नजरेआड होऊ नयेत. शू वरच्या हिशेबापेक्षा कमी, बाळ पिण्यासाठी उठतच नाही, कावीळ वाढते आहे, त्याला ताप आहे किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आईला ताप येऊन स्तनाचा भाग लाल व कडक झाला, किंवा तिची उदासी दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, तरी तसेच. स्तनावरची पूर्वीची शस्त्रक्रिया, बाळंतपणातील मोठा रक्तस्राव किंवा थायरॉइडचे विकार यांमुळे काही आयांना खरोखरच दूध कमी येते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध द्यावे आणि जितके उतरते तितके अंगावर पाजणे सुरू ठेवता येते, हे तिला स्पष्ट सांगावे.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुचवते. तथापि पहिल्या आठवड्यात थकलेल्या आईपुढे दोन वर्षांचा आकडा मांडू नये. उद्या सकाळपर्यंतचे बोलावे. वजन भरून येऊन वाढीला लागले आणि लंगोटांचा हिशेब नीट बसला, की नोंदवही बंद करायला तिला सुचवावे, कारण त्यापुढे मोजत राहिल्याने शंकाच वाढतात.