दिवाळी अंकात दुसऱ्याची कविता घेताना

आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक मी बारा वर्षं काढते आहे. तिसऱ्या वर्षी व्हॉट्सॲपवर आलेला कोकणकड्याचा एक फोटो आतल्या पानावर छापला आणि खाली लिहिलं, ‘इंटरनेटवरून साभार’. अंक वाटून झाले आणि छायाचित्रकाराचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, “ताई, त्या एका फोटोसाठी तीन पहाटे थंडीत काढल्यात. विचारलं असतंत तर दिला असता.” मानधन पाठवलं, पण ते वाक्य मनातून गेलं नाही. श्रेय देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं.

तेव्हापासून कविता निवडली की आधी वर्षं मोजते. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतो. मोजायला सुरुवात निधनानंतरच्या १ जानेवारीपासून. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या, म्हणजे परवानगीशिवाय छापता येतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत विचारायलाच हवं. बहिणाबाईंचं गणित निराळं. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. निधनानंतर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणून ती २०१३ पासून मोकळी. मात्र जुन्या कवितेच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं आपोआप मोकळी होत नाहीत.

‘चार ओळी चालतात’ असं सर्रास सांगतात. कायद्यात ओळींचा असा आकडा नाही. परीक्षणात मुद्द्यापुरतं अवतरण घ्या. सजावटीला चौकटीत टाकायचं असेल तर विचारा.

कोणाला विचारायचं ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर, हक्काच्या ओळीत असतं. बहुतेकदा तिथे वारसाचं नाव सापडतं. पत्र मोघम नको. मी असं लिहिते: ‘आपल्या वडिलांची अमुक कविता, यंदाच्या दिवाळी अंकात, एकदाच, ६०० छापील प्रतींत आणि पीडीएफमध्ये, जगभरातील वाचकांसाठी, तीन वर्षं. मानधन इतकं. कवितेत काहीही बदल करणार नाही.’ मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. आमची पीडीएफ दुबईत नि न्यू जर्सीत वाचली जाते, म्हणून ‘जगभर’ हा शब्द मी कधीच गाळत नाही. होकार लेखीच घ्या. उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे. ते पान दुसऱ्या मजकुराला द्या.

फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स हा इंटरनेटवरचा खुल्या चित्रांचा साठा बघा. तिथे प्रत्येक चित्राखाली परवान्याच्या अटी असतात. बहुतेकदा छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव, दोन्ही छापावं लागतं.

गेल्या वर्षी एका कवीच्या मुलीने होकारासोबत वडिलांच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स पाठवली. आम्ही ज्या संग्रहातून कविता उतरवली होती, त्यात शेवटून दुसरी ओळच गळली होती. आमच्या अंकात ती छापली.