ट्रायपॉडवरूनही टेलिफोटो फोटो हलतोय? या चुका टाळा

५०० मिमीची लेन्स, दणकट ट्रायपॉड, बटणही अलगद दाबलेलं. तरी मोठ्या स्क्रीनवर पाहावं तर पक्ष्याच्या डोळ्याला दोन कडा! मग खापर फुटतं ट्रायपॉडवर. बिचारा बहुतेकदा निर्दोष असतो.

आधी थोडं गणित. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ही लेन्स आडवं जेमतेम ४ अंश पाहते आणि तेवढंच दृश्य ६००० पिक्सेलमध्ये वाटलं जातं. ३० सेंमी लांबीच्या लेन्सचं मागचं टोक जागेवर राहून पुढचं टोक सुमारे ४ मायक्रॉन हललं, तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. माणसाचा केस याहून किमान दहापट जाड असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेन्सला कॉलर (लेन्सभोवतीची, ट्रायपॉडवर बसवायची कडी) असताना कॅमेऱ्याची बॉडी ट्रायपॉडवर बसवणं. सगळं वजन पुढे लोंबकळतं आणि प्रत्येक धक्क्याला लेन्स झुलत राहते. कॉलर वापरा, तिचा स्क्रू आवळा, कॉलरचा पाय ट्रायपॉडच्या प्लेटवर घट्ट बसलाय ना हे हलवून बघा. मधला दांडा वर काढणं हीसुद्धा तशीच सवय: तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं. उंची हवी असेल तर पाय लांबवा, तेही जाड भागांपासून. सर्वांत बारीक भाग शेवटी.

शटर स्पीडबद्दल मात्र अनेकांचा गोंधळ होतो. ‘ट्रायपॉड आहे, मग १/१५ चालेल की’ असं म्हणत नेमक्या अडचणीच्या टापूत शिरतात. १/१००० ला कंपन उमटायला वेळच मिळत नाही. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (शटर उघडं असण्याच्या वेळेत) सुरुवातीची थरथर नगण्य ठरते. मधे, साधारण १/६० ते १ सेकंद, डीएसएलआरमधल्या आरशाची आपट आणि शटरचा धक्का एक्स्पोजरचा मोठा हिस्सा खातात. डीएसएलआर असेल तर मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं), मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (एक्स्पोजरची सुरुवात यांत्रिक पडद्याऐवजी सेन्सरनेच करणं) चालू करा. विषय हलता असेल तर शटर वेगवान ठेवायला सरळ आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. थोडा नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) परवडतो, हललेला फोटो नाही.

दोन सेकंदांचा टायमर पुरेल, असं गृहीत धरू नका. लाईव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून लेन्सला टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. टायमर त्याहून मोठा हवा. याच चाचणीत वाऱ्यावर फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टाही पकडला जातो (मी कितीतरी दिवस ट्रायपॉडच्या हेडला, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या वरच्या भागाला, दोष देत होतो). ट्रायपॉडला वजन टांगत असाल, तर पिशवी जमिनीला टेकू द्या. अधांतरी पिशवी म्हणजे लंबकच.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) चालू ठेवायचं की बंद? जुन्या लेन्स ट्रायपॉडवर स्वतःच चित्र भरकटवतात, तिथे बंद. बऱ्याच नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात. आपल्या लेन्सवर दोन्ही प्रकारे दहा-दहा फोटो काढा, उत्तर मिळेल.

एवढं करूनही दूरचंच धूसर येत असेल, तर लाईव्ह व्ह्यूत नीट बघा. चित्र पाण्याखाली असल्यासारखं लहरतंय? ती तापलेल्या हवेची करामत. तिथे कुठलाही ट्रायपॉड कामाचा नाही. विषयाजवळ जा, नाहीतर पहाटे या.