दिवाळीच्या गर्दीत डोकं शांत ठेवून खरेदी कशी करायची

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, रविवार पेठ ह्या भागात काय गर्दी असते ते पुण्यातल्या कुणाला सांगायला नको, आणि तरी आपण सगळे तिकडेच जातो कारण आकाशकंदीलापासून उटण्यापर्यंत सगळं एका फेरीत मिळतं. त्या गर्दीत माणसं एकमेकांवर किती खेकसतात ते दरवर्षी बघते आणि मनापासून वाईट वाटतं. भांडणारे बहुतेक जण स्वभावाने वाईट नसतात हो. उपाशी असतात, पाय दुखत असतात, गाडी कुठेतरी नो पार्किंगला लावलेली असते आणि घरी परत जायची घाई असते. म्हणून माझं म्हणणं असंय की दुकानात गेल्यावर शांत राहायचं ठरवून काही होत नाही, त्याची तयारी घरूनच करून निघावं लागतं.

पहिलं म्हणजे वेळ. वसुबारसेच्या आधीचा शनिवार-रविवार आणि धनत्रयोदशीची संध्याकाळ शक्यतो टाळाच. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी दुकानं उघडता उघडता पोचलात तर विक्रेतेही ताजेतवाने असतात, माल नीट दाखवतात, बोलायला दोन मिनिटं असतात त्यांच्याकडे. ऑफिसमुळे जमत नसेल तर निदान खरेदी दोन भागात करा, कपडे आधीच्या आठवड्यात उरकून टाका आणि पणत्या, रांगोळी, लाह्या-बत्तासे, केरसुणी एवढंच शेवटी ठेवा.

दुसरं, गाडी नेऊ नका. अर्धी चिडचिड पार्किंग शोधतानाच झालेली असते आणि मग ती निघते बिचाऱ्या पहिल्या दुकानदारावर. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो मंडईपर्यंत येतीये, पिंपरी-चिंचवडवाल्यांना तर थेटच आहे, वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. परतताना हातात पिशव्या असल्या तरी एखाद्या चौकात अर्धा तास हॉर्न ऐकत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

जेवून निघा आणि पाण्याची बाटली घ्या. यादी कागदावर लिहा म्हणजे घरून दर पाच मिनिटांनी फोन येणार नाही. लहान मुलं असतील तर त्यांचं काम आधी करा, किल्ल्यासाठी मावळे आणि महाराज घेऊन द्या, मग ती जरा दम धरतात. आजी-आजोबांना तुळशीबागेच्या बोळात उभं करून स्वतः पुढे जाऊ नका, त्यांना बरोबर न्यायचंच असेल तर एकच दुकान ठरवा, तिथे बसायला मिळेल असं बघा आणि बाकीचं तुम्ही आणा.

आता दुकानाच्या आतलं बोलू, कारण तिथे सगळ्यात जास्त गोष्टी आपल्या हातात असतात. साडीच्या दुकानात तो दादा किंवा ती ताई तुमच्यासमोर थप्पीच्या थप्पी उलगडते, प्रत्येक साडीची घडी परत तिलाच घालायची असते, आणि दिवाळीत हे सकाळपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत चालू असतं, बरेचदा उभ्यानेच. केरळात कापड दुकानातल्या बायकांनी आंदोलन केलं तेव्हा कुठे 2018 साली कामाच्या जागी बसायला मिळण्याचा हक्क कायद्यात आला, 2021 ला तमिळनाडूनेही तसा कायदा केला. म्हणजे बसायला मिळावं एवढ्यासाठी लोकांना भांडावं लागलंय, हे लक्षात ठेवून काउंटरवर बोला. आत गेल्या गेल्या बजेट आणि रंग सांगून टाका, "दोन ते तीन हजारात, काठापदराची, हिरवी किंवा जांभळी" असं. त्याने त्यांचे कष्ट वाचतात आणि तुमचा वेळही. नुसतं बघायला आला असाल तर तसं स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली. आणि काहीच पसंत नाही पडलं तर उठताना "ताई, खूप दाखवलंत, पण मनासारखं नाही मिळालं" एवढं तरी म्हणा, न बोलता पाठ फिरवून निघून जाणं फार लागतं समोरच्याला. ट्रायल रूममधून बाहेर येताना कपडे हँगरला लावून द्या, जमिनीवर ढीग टाकू नका.

भाव करायचा की नाही ह्यावर लोक दोन्ही टोकाला जातात. माझ्या मते तुळशीबागेत कानातले, पर्स, क्लिपा घेताना घासाघीस जरूर करा, तो तिथल्या व्यवहाराचाच भाग आहे आणि विक्रेतेही ते धरूनच किंमत सांगतात. पण हसत करा, एकदा भाव ठरला की फिरू नका, आणि त्यांच्या मालाला नावं ठेवून भाव पाडू नका. रस्त्यावर पणत्या घेऊन बसलेल्या मावशींशी मात्र पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये असं मला ठामपणे वाटतं. माती, भट्टी, भाजताना आणि आणताना होणारी फूट, सगळं त्या पणतीच्या किमतीत असतं आणि त्यांचा वर्षातला मोठा धंदा ह्याच काही दिवसांत होतो. जमलं तर कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन थेट घ्या, निवडायलाही भरपूर मिळतं. सकाळी लवकर गेलात आणि कुणाची भवानी व्हायची असेल तर खूप वेळ घोळ घालून तसंच निघू नका, पहिल्या गिऱ्हाइकाचं त्यांच्या मनात फार असतं. सुट्टे पैसे जवळ ठेवाच, वीस रुपयांच्या रांगोळीला पाचशेची नोट देऊन वर "सुट्टे ठेवायला काय होतं" म्हणणं बरोबर नाही.

यूपीआयवरून होणारी भांडणं तर आता रोजची झालीयेत. गर्दीत नेटवर्क जातं, तुमच्या खात्यातून पैसे कटतात आणि त्यांचा स्पीकर काही बोलत नाही. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो कारण दोघंही खरंच बोलत असतात. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानदारापर्यंत पेमेंट पोचल्याचं कन्फर्म झालं नाही तर ते पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप तुमच्या खात्यात परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. त्यामुळे दोन मिनिटं थांबा, दोघांनी मिळून हिस्ट्री बघा, नसतील आले तर कॅश देऊन मोकळे व्हा आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट ठेवा. फक्त त्यांचा नंबर घेऊन ठेवा म्हणजे नंतर दोन्हीकडून पैसे गेल्याचं निघालं तर शांतपणे बोलता येईल.

शांत राहायचं म्हणजे फसवून घ्यायचं असं नाही हं. बिल मागा. साइज बदलून देणार का, किती दिवसांत, ते पैसे देण्याआधी विचारा, कारण नुसतं आवडलं नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नसतो. माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरतात. बदलायला जाताना दुपारच्या वेळी जा, बिल आणि लेबल घेऊन जा, आणि मालकाशी बोला, काउंटरवरच्या पोराला झापू नका कारण तो निर्णय त्याच्या हातात नसतो. तरीही ऐकत नसतील तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते.

ऑनलाइन मागवत असाल तरी समोर माणूस असतोच. पत्ता नीट लिहा, विंगचं नाव आणि लिफ्ट बंद असेल तर तेही, फोन उचला, आणि डिलिव्हरीवाल्या दादाला पाणी विचारा. सोसायटीत त्यांना लिफ्ट वापरू देत नसतील तर मीटिंगमध्ये हा विषय काढा, एकट्याने वॉचमनशी भांडून काही होत नाही, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो करतो.

शिंप्याचं राहिलं. ब्लाउज शिवायचे असतील तर कापड दसऱ्याच्या आधी द्या, उशीर झाला आणि ते नाही म्हणाले तर "एवढा एकच घ्या ना" म्हणून मागे लागू नका, ते रात्री जागून आधी आलेल्यांचं काम संपवत असतात. आणि झेंडू लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच घ्या. रस्त्याकडेला टेम्पो लावून बसलेले बरेच जण स्वतः शेतकरी असतात, संध्याकाळी त्यांना गावी परतायचं असतं आणि उरलेला माल तिथेच टाकून जावं लागतं हे माहीत असल्यामुळे काही लोक मुद्दाम तेव्हा जाऊन भाव पाडतात. तसं करू नका, सकाळी फुलंही टवटवीत मिळतात, तोरण करायला वेळ मिळतो आणि त्यांना भाड्याचे पैसे सुटायची काळजी जरा कमी होते.