क्षारद्वीपाचं सेवापदक कसं बनवाल

एकांकिकेतलं राष्ट्र काल्पनिक असलं की रंगमंचावरच्या वस्तू बनवणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याला वाटतं, आता काहीही खपेल. मलाही वाटलं होतं. क्षारद्वीपाच्या म्हाताऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या छातीवर मी बशीएवढा सोनेरी तारा लावला. प्रसंग करुण, आणि मागच्या रांगेतून आरोळी आली, "क्षारद्वीप श्री!"

म्हणून आधी ठरवा, पदक शौर्याचं की सेवेचं. तीस वर्षं मिठागरांचा किनारा राखणाऱ्याचं पदक लखलखून चालत नाही. आपल्याकडचीच बघा ना: परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक. १९६० साली सुरू झालेली ही तिन्ही साधी गोल, ३५ मिलिमीटरची, मधे पाच टोकांचा तारा. फीतही तिन्हींची सोनेरी. फरक निळ्या रेघांत. परमला एक, अतिला दोन, विशिष्टला तीन. म्हणजे रेघ जितकी कमी, तितका मान मोठा! ही युक्ती खुशाल उचला, रंग उचलू नका. आम्ही पांढऱ्यावर करडी रेघ घेतली.

चिन्हासाठी त्या देशाची गोष्ट शोधा. परमवीर चक्र घडवताना सावित्रीबाई खानोलकरांनी इंद्राचं वज्र घेतलं, दधीचींच्या अस्थींचं. आमच्या बेटाकडे मीठच, तेव्हा मिठाचा चौकोनी खडा.

आता हात चालवा. माउंट बोर्डाच्या ३५ मिलिमीटरच्या दोन चकत्या फेव्हिकॉलने चिकटवा. वर एम-सीलचा चौकोन बसवा आणि तो ओला असतानाच जुन्या टूथब्रशने टोचा, मिठाचा खरबरीतपणा येतो. वाळल्यावर ब्राँझ रंगाचा स्प्रे. मग बुटाचं काळं पॉलिश चोळून लगेच पुसा. खाचांत उरेल तेवढं राहू द्या. तीस वर्षं तिथेच दिसतात.

फीत सव्वा इंची, कंगोऱ्यांची घ्या. मी रविवार पेठेतून आणते. सॅटिन स्वस्त पडतं, पण दिव्याखाली आरशासारखं चमकतं. फितीमागे बक्रम, म्हणजे कडक अस्तराचं कापड, शिवा आणि दोन सेफ्टी पिना आडव्या लावा. एकाच पिनेवर पदक गिरकी घेतं आणि पुठ्ठा प्रेक्षकांना दिसतो.

पदक डाव्या छातीवर, खिशाच्या वर. एकाहून जास्त असतील तर सर्वांत मानाचं बटणांच्या बाजूला. घरातल्या गेलेल्या माणसाचं पदक मात्र ब्रिटन-ऑस्ट्रेलियात वारस उजवीकडे लावतात. क्षारद्वीपालाही मी तोच रिवाज दिला, कारण शेवटच्या प्रवेशात मुलगी वडिलांचं पदक लावते. दिग्दर्शक म्हणाला, "डावीकडे लाव गं, प्रकाश तिकडून येतोय."

मी दिवा हलवायला लावला.